डोंगरात पायी फिरायला जातो, पण पायथ्याच्या गावातले लोक नाराज होतात. नेमकं कसं वागायचं?

पूर्णाकाठचा (ता. अचलपूर)

नमस्कार मंडळी. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, सगळे परतवाड्याच्या आसपासच्या खेड्यातलेच, दोघं शिक्षक, एकाचं मेडिकल, बाकी शेतीवाले. पावसाळा सरला की रविवारी डबे बांधायचे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या चढायच्या असं चालू केलंय. चिखलदऱ्याला गाडीनं जाऊन भुट्टा अन् रबडी खाऊन परत येणं आपण सगळ्यांनीच केलंय, पण आपल्या पायानं चढून वरून खालचं सपाट वऱ्हाड बघायचं म्हणजे वेगळंच, कार्तिकात हवा धुतल्यासारखी असते, कपाशी फुटलेली वावरं, तुरीचे पिवळे पट्टे, थेट पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत नजर जाते. मला तर आठवडाभर त्या रविवारचीच वाट असते.

आता अडचण सांगतो. मागच्या वेळी एका गावातून वर चाललो होतो (गावाचं नाव लिहीत नाही) तर एका आजोबांनी बंडी थांबवून विचारलं, कोन्या गावचे, कुठी चालले, कोनाले इचारून चालले. आमच्यातला एक जण पटकन बोलला की जंगल सरकारचं आहे आजोबा. आजोबा काही बोलले नाहीत, तोंड फिरवलं आणि बंडी हाकलली. येताना ज्या विहिरीवर आम्ही नेहमी पाणी भरतो तिथल्या काकूंनी दोर-बकेट घरात नेऊन ठेवली होती. आधी असं कधी झालं नव्हतं, त्या उलट थंड पाणी प्या म्हणून बोलवायच्या.

त्यावरून ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं आपण कोणाचं काही नुकसान करत नाही तर विचारायचं कशाला. माझं म्हणणं की कुठंतरी आपलं वागणं खटकतंय लोकांना. ब्लूटूथ स्पीकर असतो सोबत, वावरांच्या धुऱ्यावरून (बांधावरून) शॉर्टकट मारतो, सीताफळं दिसली की तोडतो, दोघा-तिघांना गुराख्यांचे अन् मोळीवाल्या बायांचे फोटो काढायचा नाद आहे. आणि पुढं माघ-फाल्गुनात जंगलातच नाल्याकाठी गवऱ्यांच्या विस्तवावर कणकेचे रोडगे भाजायचा बेत चाललाय. जे लोक डोंगराजवळ राहतात किंवा बरेच फिरलेत त्यांनी मोकळेपणानं सांगा, काय पाळायचं अन् काय सोडायचं.

---

धुऱ्यावरचा

राम राम भाऊ. मी पायथ्याच्याच गावचा, आमचं वावर जंगलाले लागून हाये, अन् तुमी ज्याचं लिवलं थो म्हातारा मले आमच्याच घरचा वाटला. त्यानं इचारलं कोन्या गावचे, कुठी चालले, त तुमाले वाटलं अडवून रायला. आमच्याकडे अनोळखी मानूस डोंगराच्या आंगानं जाताना दिसला का हे इचारतेच. कारन संध्याकाळी कोनी वापस नाई आलं त टार्च घेऊन शोधाले आमालेच जा लागते, पोलीस अन् फारेस्टवाले मागून येते. त्याले फक्त इतलं सांगा लागत होतं का आमी अमुक गावचे, त्या टेकडीवर जाऊन रायलो, चार वाजेपर्यंत उतरतो. त्यानंच तुमाले सांगतलं असतं का कोनत्या नाल्यात पानी हाये, कुठी मोहोळ बसलं, परवा बिबट कोनत्या आंगाले दिसला. हे गूगल मॅपवर भेटत नाई.

अन् जंगल सरकारचं हाये हे बोलनं लागलं असन त्याले. सरकारचं कागदावर. त्याच्या बापानं, आज्यानं तिथीच ढोरं चारले, तिथूनच डिंक, चारोळी, आवळा आनला. न सांगता-बोलता तिथून जाणं म्हंजे कोनाच्या आंगणातून मान खाली घालून निघून गेल्यावानी. अन् आता त कागदावरबी सगळं सरकारचं राहिलं नाई. २००६ च्या वनहक्क कायद्यानं कितीतरी गावाईले सामूहिक हक्क भेटले. तुमच्याच तालुक्यातलं पायविहीर पाहा, २०१२ मंदी हक्क भेटला, गावानं जंगल राखलं, अन् तिथले सीताफळं आता गावाची कमाई हाये. तुमी रस्त्यानं जाताना चार सीताफळं तोडता, तुमच्यासाठी थे रानमेवा, पन ग्रामसभेनं तोडाईची तारीख ठरवली असते अन् त्याच्या पैशातून मजुरी निंगते. आठ जनाईनं झोळी भरली त कोन्या तरी बाईचा अर्ध्या दिवसाचा रोज गेला. खाचं असन त गावात इकत घ्या, ताजे भेटते, डोया फुटलेले निवडून भेटते.

धुऱ्याचं सांगतो. धुरा पायवाट नोहे. दिवाळीनंतर तूर फुलावर असते, लोकं खेटून गेले का फुलं झडते, फुलं झडली का शेंग गेली. कपाशीच्या वेचनीले आलेलं बोंड पँटीले लागून खाली मातीत पडते. एका जनाचं काई वाटत नाई, पन तुमच्यामागं अजून एक ग्रुप येते, मंग मोटरसायकलवाले येते, अन् दोन वर्षांत थो रस्ताच पडते. पांदण असन त पांदणीनंच जा, लांब पडली तरी. वावरातून जा लागलंच त मालकाले हाक मारून जा, कोनी नाई म्हनत नाई.

आता जे सांगतो थे नीट आयका, कारन जिवाचं हाये. रानडुकरं लय झाले. लोकाईनं वावराले तार लावली. झटका मशीन असन त सौर बॅटरीचा झटका असते, जोरात लागते पन मानूस मरत नाई. काई जन मात्र लाइनचा थेट करंट सोडते रात्री. थे बेकायदा हाये, तरी होते, अन् इदर्भात त्यानं मानसंबी मेले अन् वाघबी मेले. म्हनून अंधारात, पहाटे, वावराच्या आंगानं फिराचं नाई, तारेले हात लावाचा नाई, वाकून खालून निंगाचं नाई. तुमाले सूर्योदय वरून पाहाचा असन त आदल्या दिवशी गावात येऊन इचारा कोनत्या रस्त्यानं जाचं.

विहिरीवरच्या बाईचं मले वाटते दोराचं काई नसन, तिच्या कानावर म्हाताऱ्याचं गेलं असन. पुढच्या रविवारी दोघं जन जा, सगळे नोको, अन् बसून बोला.

---

रानवाट_अकोला

मी शिक्षिका आहे, आमचा बायकांचा ग्रुप आहे, नरनाळा, चिखलदऱ्याच्या आसपास, कधी वाशीम-बुलढाण्याकडे असं फिरतो. धुऱ्यावरचे दादा बोलले ते अगदी मनापासून पटलं. मी फक्त फोटोंबद्दल अन् बायांबद्दल सांगते, कारण ग्रुपमध्ये सगळे पुरुष असले की हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

मोळी घेऊन उतरणारी बाई असते ना, तिच्या डोक्यावर वीस-पंचवीस किलो सहज असतं आणि ती एका लयीत उतरत असते, ती थांबली की तिला परत लय पकडायला त्रास होतो, मान अवघडते, तोल जातो. म्हणून अरुंद वाटेवर आपण बाजूला व्हायचं, डोंगराच्या वरच्या अंगाला, आणि तिला न थांबता जाऊ द्यायचं. ढोरांचा कळप आला तरी तसंच, वरच्या अंगाला उभं राहायचं, खालच्या अंगाला उभं राहिलं आणि एखादा गोऱ्हा घुसला तर आपण थेट दरीत. चढणाऱ्याला उतरणाऱ्यानं वाट द्यायची हेही पाळा, पण ओझं असलेल्या माणसाला सगळ्यात आधी, मग तो चढत असो की उतरत असो.

फोटो. डोक्यावर ओझं आहे, घाम आलाय, लुगडं वर खोचलंय, अशा वेळी कोणी अनोळखी माणसानं मोबाइल रोखला तर तुमच्या आईला चालेल का, एवढा एकच विचार करा. शिवाय सरपणावरून त्या बायांना आधीच रागावून घ्यावं लागतं, फोटो कुठं जाईल, कोणाच्या हाती पडेल ही भीती असते त्यांना. विचारून काढा, नाही म्हटलं तर मोबाइल खिशात. मेळघाटात कोरकू गावांजवळ मेलेल्या माणसांच्या आठवणीचे कोरीव लाकडी खांब असतात, त्यांना टेकून बसणं, त्यावर हात ठेवून सेल्फी काढणं मी डोळ्यानं बघितलंय. ते त्यांच्या पूर्वजांचं ठिकाण आहे हो. लांबूनच बघा.

आणि अजून एक, जे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. शौच. नाल्याच्या, झिऱ्याच्या जवळ अजिबात नाही, निदान शंभर पावलं लांब, वितभर खड्डा करून माती लोटायची. खालच्या गावात तेच पाणी ढोरं पितात, उन्हाळ्यात वाळूत झिरा करून माणसंही पितात. सॅनिटरी पॅड, टिश्यू, ओले वाइप्स हे सगळं वेगळ्या पिशवीत बांधून घरी आणायचं, दगडाखाली ठेवायचं नाही. आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकीच्या बॅगेत जाड काळी पिशवी असतेच. डोहात साबणानं डबे धुऊ नका हेही त्यातच आलं.

नरनाळ्याला जाणार असाल तर शहानूरच्या गेटवर नोंद करून, परवानगी घेऊनच जा, तो भाग अभयारण्यात येतो. किल्ला फार सुंदर आहे, जाफराबाद, नरनाळा, तेलियागड असे तीन किल्ले जोडलेले, आणि महाकाली दरवाजा तर १४८७ सालचा, त्यावरचं कोरीव काम बघत उभं राहावं असं. त्यावर कोळशानं नावं लिहिणारे आपल्याच भागातले असतात याचं मला फार दुःख होतं.

---

बावा_गावंडी

बाकी सगळं बरोबर आहे पण स्पीकरचं मला नाही पटत. आम्ही तर मुद्दाम लावतो, आवाज असला की जनावर लांब पळते. अस्वलाच्या भागात चुपचाप गेलं तर उलट धोका. गावातले लोकही मोळीला जाताना मोठ्यानं बोलत जातात की.

---

अंगारी_होतो

बावा भाऊ, अर्धं बरोबर बोलले तुम्ही. मी काही उन्हाळे जंगलात अंगारी म्हणून काम केलंय, म्हणजे आग लागते का ते बघणं आणि लागली की विझवायला पळणं, त्यामुळे पायी फिरणं पोटापाण्याचंच होतं. अस्वलाचं असं आहे की ते माणसावर येते ते बहुतेक अचानक समोरासमोर झालं म्हणून. ते वारुळ उकरण्यात नाहीतर मोहफुलं खाण्यात गुंग असते, आपण वळणावरून दहा पावलांवर जाऊन पडतो, ते घाबरते अन् तोंडावर येते. पिल्लं पाठीवर असली तर विचारूच नका. म्हणून दाट झुडपात, उंच गवतात, नाल्याच्या वळणावर साधं बोलत जायचं, काठी आपटायची, टाळी वाजवायची. तेवढं पुरते. आणि अस्वल दिसलं तर झाडावर चढायचं नाही, ते आपल्यापेक्षा चांगलं चढते, हळूहळू मागं सरकायचं.

स्पीकरचं नुकसान हे की तुम्हाला काही ऐकू येत नाही. जंगल आधी सांगते. वानराचं खोकणं, चितळाचं कुकारणं, सांबराचा तो एकच मोठा पोंक, हे ऐकू आलं की गावचा माणूस जागीच थांबतो अन् वाट बदलतो. गाणं चालू असलं की तुम्ही सरळ चालत राहता. आणि गायकी, म्हणजे गुराखी, आपली ढोरं गळ्यातल्या घंटीच्या आवाजावर शोधतो, तुमच्या गाण्यात ती घंटी बुडते, मग तो संध्याकाळपर्यंत हिंडतो. कानात बटन घालून चालणं तर त्याहून वाईट.

आता रोडग्याचं, ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, हे सोडा असं मी कोणालाच सांगणार नाही, आपल्याकडचं तेच खरं वनभोजन आहे. पण माघ-फाल्गुनात जंगलात नको. साग तेव्हा पूर्ण झडलेला असतो, घोट्याएवढा पाला, गवत वाळून कागद झालेलं. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरते, जाळरेषा (आग अडवायचे मोकळे पट्टे) काढून ठेवते, तरी जंगलं जळतात. आग चढावर पळते, खालून लागली की वरच्या माणसाला पळायला जागा राहत नाही, दुपारच्या वाऱ्यात तर तिच्यापुढं धावता येत नाही. आणि गवरीचा विस्तव फार फसवा असतो हो, वरून राख थंड लागते अन् आत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लाल राहते. रात्री वारा सुटला की ठिणगी पाल्यात. मग आम्ही झाडाच्या हिरव्या फांद्या घेऊन रात्रभर झोडपत बसायचो, पायातली चप्पल वितळायची. जळालेली मोराची अंडी, कासवं, सापाची पिल्लं बघितली आहेत मी. ते बघितल्यावर जंगलात काडी ओढायची इच्छाच होत नाही.

राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हासुद्धा आहे, पण तो कायदा बाजूला ठेवला तरी हे करू नका. बिडी-सिगारेट पण नाही. त्याऐवजी गावाजवळ पीक निघालेलं मोकळं वावर बघा, हरभरा-गहू शेजारी उभा नको, विहीर जवळ हवी. मालकाला विचारून तिथं रोडगे लावा आणि टेकडी सकाळीच चढून या. खाऊन झालं की राख काडीनं उकरायची, पाणी ओतायचं, पुन्हा उकरायची, पुन्हा पाणी, मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायची. ऊब लागली तर अजून पाणी.

आणि कुठं जाता त्याचंही बघा. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला, १९७३-७४ पासूनचा. गाविलगड किल्लाही त्याच्याच हद्दीत आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या फौजेची एक तुकडी दक्षिणेकडून देवगावच्या बाजूनं चढली होती म्हणून काही पोट्ट्यांना त्या जुन्या वाटेनं चढायची हौस येते. तसं करू नका, परवानगीशिवाय कोअरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या आतल्या गाभ्यात, पायी शिरणं म्हणजे केस होते आणि तिथं वाघ खरोखर आहे. चिखलदऱ्यावरून रीतसर जाऊन किल्ला दिवसभर बघा, तो एका दिवसात बघून होत नाही इतका मोठा आहे.

---

बावा_गावंडी

घंटीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं भाऊ. पटलं. स्पीकर बंद.

---

कचारगड_वाटे

जय सेवा. मी सालेकसा तालुक्यातला, गोंदिया जिल्हा. तुमच्याकडचा डोंगर मी बघितला नाही पण आमच्याकडचं सांगतो, उपयोग होईल. आमच्याकडं कचारगडची गुफा आहे, माघ पौर्णिमेला धनेगावात यात्रा भरते, किती राज्यांतून गोंड समाज येतो. तेव्हा सगळ्यांना माहीत असते की हे देवाचं ठिकाण आहे, सगळे नीट वागतात. पण एरवी पावसाळ्यात लोक हाजरा फॉलला येतात अन् तसेच पुढं गुफेत चढतात, आत बाटल्या, मोठ्यानं ओरडून आवाज घुमवतात, वटवाघळं उडवतात. आमच्यासाठी पारी कुपार लिंगो अन् माय जंगो यांची ती जागा, आमचा धर्मच तिथून सुरू होतो असं आम्ही मानतो.

डोंगरात तुम्हाला कुठं झाडाखाली शेंदूर लावलेले गोटे, मातीचे घोडे, पांढरा झेंडा नाहीतर सप्तरंगी झेंडा दिसला तर समजा ते पेनठाणा, म्हणजे आमच्या देवाची जागा आहे. मंदिर बांधलेलं नाही म्हणून जागा मोकळी आहे असं नसते. चप्पल बाहेर काढा, नाहीतर आत जाऊच नका. तिथला घोडा उचलून घरी शोकेसमध्ये ठेवायला नेणारे लोक असतात, फार वाईट वाटते. तिथल्या झाडाची फांदी मोडत नाहीत, खाली पडलेलं लाकूडही आम्ही सरपणाला आणत नाही. डबा खायला दुसरी सावली बघा.

एक अजून, मोह वेचायच्या दिवसात म्हणजे मार्च-एप्रिलात पहाटे बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या असतात, पुढं तेंदूपत्ता. चंद्रपूर-गडचिरोलीत याच दिवसांत वाघाचे जास्त हल्ले होतात कारण वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही. त्या दिवसांत फिरायला येणाऱ्यांनी पहाट सोडून द्यावी. लोक झाडाखाली जागा झाडून ठेवतात, फूल पडायला, त्यावरून बूट घालून चालू नका.

---

रानवाट_अकोला

कचारगडवाल्या दादांनी फार चांगलं सांगितलं. मी आग्या मोहोळाचं लिहायचं विसरले, ते राहायला नको. किल्ल्यांच्या कड्यांना, बुरुजांना, मोठ्या झाडांना पोळी असतात. परफ्यूम, सेंट, सुगंधी तेल लावून डोंगरात यायचं नाही, खाली धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही, ड्रोन उडवायचा नाही. उठलंच मोहोळ तर हातानं मारत बसू नका, एक चावली की बाकीच्यांना वासानं कळतं. तोंड-डोकं ओढणीनं, शर्टानं झाकून सरळ लांब पळायचं, दाट झुडपात किंवा बंद खोलीत. पाण्यात उडी मारायची नाही, वर काढलं डोकं की तिथंच असतात. काटे नखानं खरवडून लवकर काढायचे. खूप चावल्या असतील किंवा श्वास लागत असेल तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

---

सिस्टर_ग्रामीण

मी ग्रामीण रुग्णालयात काम करते, थोडं आमच्या बाजूनं. सप्टेंबर ते डिसेंबर गवतात फिरून आल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी जोराचा ताप, डोकेदुखी आली तर डॉक्टरांना न विसरता सांगा की आम्ही डोंगरात गवतात बसलो होतो. स्क्रब टायफस असू शकतो, गवतातल्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यानं होतो, २०१८ साली आपल्या विदर्भात त्याचे बरेच रुग्ण निघाले होते. काखेत, जांघेत, कमरेवर सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली असते, दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला की किडनी, फुप्फुसापर्यंत जाते. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचायची, गवतावर थेट लोळायचं नाही, घरी आल्यावर आंघोळ अन् कपडे गरम पाण्यात.

साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काहीच नाही. हात-पाय हलवू न देता, चालवत न नेता दवाखाना. विषावरची लस सरकारी दवाखान्यात मिळते. मांत्रिकाकडं नेलेले रुग्ण आमच्याकडं येईपर्यंत फार वेळ गेलेला असतो, हे लिहिताना हात थरथरतो माझा.

---

पूर्णाकाठचा

सगळ्यांचे खूप खूप आभार. ग्रुपमध्ये हा धागा सगळ्यांना वाचायला लावला. दादांनी सांगितलं तसं मी आणि एक शिक्षक मित्र असे दोघंच काल गेलो होतो. आजोबा भेटले, बोलले, त्यांच्या ओट्यावर चहा झाला. त्यांनीच सांगितलं की वरच्या पाणवठ्याच्या बाजूनं सध्या जाऊ नका, तिथं गव्याचा कळप बसतो. पुढच्या वेळी त्यांचा नातू वाट दाखवायला येणार आहे, त्याला दिवसाचा रोज द्यायचा असं आम्ही ठरवलंय, तो शिकतोय, सुट्टीच्या दिवशीच येईल. काकूंची विहीर मात्र खरंच आटत आलीय, पाणी त्यांनाच पुरत नाही, म्हणून दोर आत होता. आम्ही आता पाणी घरूनच नेतो, प्रत्येकी तीन लिटर.

रोडगे आजोबांच्या वावरात, सोयाबीन निघालंय तिथं. जंगलातला बेत रद्द.

दोन गोष्टी अजून विचारतो. नातू सोबत असला तरी गावात अजून कोणाला सांगून जावं का? आणि एका मित्राकडं अल्सेशियन आहे, तो म्हणतो सोबत आणतो, जनावर आलं तर भुंकेल, सगळ्यांची राखण होईल. हे बरोबर आहे का?

---

धुऱ्यावरचा

आयकून लय बरं वाटलं भाऊ. पोलीस पाटलाले सांगून ठेवा, नावं अन् एक फोन नंबर, अन् उतरल्यावर उतरलो म्हनून फोन करा, लोकं हे इसरते अन् थो बिचारा वाट पाहत रायते. पोराले रोज द्याच, पन जेवाले बी सोबत बसवा, येगळं नोको.

---

अंगारी_होतो

कुत्रा आणू नका. बिबट्याचं सगळ्यात आवडतं खाणं कुत्रा आहे, तो कुत्र्याच्या मागं येतो अन् कुत्रा पळत येऊन तुमच्या पायातच घुसतो. अस्वलाचंही तसंच, कुत्रं भुंकून त्याला चिडवते आणि मालकाकडं पळत येते. ढोरं बिथरतात, मेंढपाळाची कुत्री सोबत असली तर भांडण ठरलेलं. शिवाय पाळीव कुत्र्याचे रोग जंगलातल्या कोल्ह्या-लांडग्यांना, रानकुत्र्यांना लागतात. अभयारण्यात तर नेताच येत नाही. मित्राला सांगा, त्याला सकाळी वावरात फिरवून घरी बांधून या.